इतिवृत्तात न लिहिलेलं

बेल वाजली तेव्हा रात्रीचे पावणेबारा झाले होते
आणि मी, सोसायटीचा सेक्रेटरी,
कूस बदलून म्हणालो, "पुन्हा बिघडली वाटतं."
हे माझं पहिलं वाक्य.
इतिवृत्तात ते नाही.

त्या महिन्यात ती तीनदा उगाच वाजली होती,
एकदा तर अकराव्यावरच्या मिरचीच्या फोडणीनं.
घरातल्या कुरकुऱ्या माणसाला सवयीनं ओळखतात
तसं आम्ही तिला ओळखायचो.
ओरडू दे, होईल गप्प.

खिडकीतून घोडबंदर रोड दिसत होता, कंटेनरची रांग,
मागे येऊरचा काळा डोंगर,
सगळं जागच्या जागी.
मग जळक्या रबराचा वास आला
आणि आम्ही नवरा-बायको घरातले प्लग हुंगत फिरलो.
आपल्याकडेच काही जळत असतं तर बरं, असं वाटलं.
घरातलं निदान आपल्याला विझवता येतं.

ग्रुपवर कुणी विचारलं, "कसला वास?"
कुणी नुसताच अंगठा दाखवला.
वोरांनी लिहिलं, "सेक्रेटरींनी खुलासा करावा."
सेक्रेटरी पायजम्याची नाडी शोधत होता.

दार उघडलं तर सगळीच दारं उघडलेली,
साखळीपुरती.
फटीफटीतून आम्ही एकमेकांचे चेहरे वाचत होतो.
दुसरं घाबरायला सगळे तयार होते,
पहिलं घाबरायला कुणीच नाही.

शेवटी शालिनी गुप्ते बाहेर पडल्या,
हातात मोडाच्या मटकीचं फडकं.
वोरांनी पासपोर्ट घेतले, चष्मा विसरले.
नवं जोडपं कुलूप ओढून बघायला तीनदा परत गेलं.
आणि चौघं लिफ्टसमोर, रोजच्यासारखे,
आकड्याकडे मान वर करून:
नऊ. नऊ. नऊ.
आग नवव्यावरच होती,
लॉबीत चार्जिंगला लावलेल्या एका स्कूटरची.

जिना. अकरा वर्षं राहतोय,
कुठल्या बाजूला आहे ते आठवावं लागलं.
चपलांची कपाटं, तुळशीची कुंडी, लहान मुलाची सायकल,
आणि सोळाव्याच्या वळणावर वर येणारा धूर.

पंधराव्यावर आसऱ्याचा मजला.
त्याच्या जाळीला कुलूप.
पोरं तिथं क्रिकेट खेळायची, चेंडू खाली गाड्यांवर पडायचे,
म्हणून ठराव झाला होता. सही माझी.
चावीही माझ्याकडेच.
मी मूठ उघडली.
मुठीत माझ्या ॲक्टिव्हाची चावी होती.

जाळीची चावी दोन मजले वर,
कॅलेंडरमागच्या खिळ्यावर.

बुधराम उरांव खालून आला, तोंडाला ओला गमछा,
प्रत्येक दारावर काठी आपटत,
नवव्याच्या धुरातून. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
त्यानं भिंतीवरचं लाल नळकांडं काढलं.
त्याची पिन कशी ओढतात
हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं
(मॉक ड्रिलला अकरा जण आले होते, समोसे उरले होते).
त्यानंही ओढली नाही.
नळकांड्याच्या बुडानं त्यानं कुलपावर तीन घाव घातले.

बाळकुमहून बंब आला, आग विझली,
जीव कुणाचाच गेला नाही.
आम्ही त्रेचाळीस जण पहाटेपर्यंत तिथं बसून होतो,
गेल्या गणपतीतल्या थर्माकोलच्या खांबांमध्ये,
आणि गुप्ते बाईंची कच्ची मटकी
चिमूटचिमूट वाटून खाल्ली.

सभेत बुधरामला शाल दिली, नारळ दिला.
तो म्हणाला, "साहेब, ती पिन कशी ओढायची ते शिकवाल?"
टाळ्या चालू होत्या. नीट ऐकू आलं नसावं.

आता जाळीला कुलूप नाही.
चावी मात्र अजून त्याच खिळ्यावर आहे.
बायको म्हणते, टाकून द्या.

रविवारी सकाळी मी डोळे मिटून
सतराव्यापासून पंधराव्यापर्यंत उतरतो,
एक हात भिंतीला, ओठांत आकडे.
छत्तीस पायऱ्या.
परवा एकोणिसावीवर नडगीला काहीतरी लागलं.
डोळे उघडले:
वोरांचं चपलांचं कपाट,
पुन्हा तिथंच.